लक्षणा आणि व्यंजना यांतला फरक कसा ओळखायचा?

लक्षणा आणि व्यंजना या शब्दांतून अर्थ कळण्याच्या दोन तऱ्हा, म्हणजे शब्दशक्ती. दोन्हींत शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसराच अर्थ घेतात, मग फरक कुठे, असं तुम्ही विचारलंय. घोळ याच समजुतीत आहे. सरळ अर्थ सुटतो तो फक्त लक्षणेत. व्यंजनेत आधीचा अर्थ जागेवरच राहतो आणि त्यातून आणखी एक सुचतो.

लोकलमध्ये कोणी म्हणतं, ‘दादर आलं.’ स्टेशन काही चालत येत नाही, म्हणजे वाच्यार्थ (शब्दाचा सरळ अर्थ) अडला. गाडी दादरला पोचली, असा त्याच्याशी जोडलेला अर्थ आपण घेतो. ही लक्षणा. वाच्यार्थाला बाध, त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ आणि तसं बोलण्यामागे रूढी किंवा प्रयोजन (काही खास हेतू), या तिन्ही गोष्टी असल्या तरच तिला लक्षणा म्हणायचं.

आता हेच वाक्य डुलकी लागलेल्या मित्राला उद्देशून असेल तर ‘ऊठ’, दार अडवून उभ्या असलेल्याला असेल तर ‘उतरायचं नसेल तर बाजूला व्हा’. ही व्यंजना. ऐकणारा बदलला की व्यंग्यार्थ, म्हणजे हा सुचणारा अर्थ, बदलतो. ‘गाडी पोचली’ हा लक्ष्यार्थ (लक्षणेने घेतलेला अर्थ) मात्र सगळ्यांना सारखाच. माझ्या मते सगळ्यात भरवशाची कसोटी हीच.

शिवाय लक्षणा शब्दावर बोट ठेवून दाखवता येते. ‘१९८२ साली गिरणगाव संपावर गेलं’ यात ‘गिरणगाव’ या मुंबईतल्या गिरण्यांच्या वस्तीच्या नावाजागी ‘गिरणी कामगार’ घाला, लक्षणा संपली. पण अख्खी वस्तीच त्यात ओढली गेली, ही सूचनाही गेली, आणि ती व्यंजनेची होती. प्रयोजन असलेल्या लक्षणेत ते प्रयोजन व्यंजनेनेच कळतं, असं संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात मांडलं आहे. म्हणजे एकाच वाक्यात दोघी सुखाने नांदतात.

मुलं हमखास चुकतात ती उपरोधात. गणित साफ चुकलेल्याला ‘काय हुशार आहेस!’ म्हटलं तर ती विपरीत (उलट अर्थाची) लक्षणा, कारण सरळ अर्थ तिथे बसतच नाही. ‘समाजातले साप ठेचा’ यासारखी वाक्यं काही परीक्षेच्या पुस्तकांत व्यंजनेखाली दिलेली असतात. काव्यशास्त्राच्या हिशेबाने माणसाला साप म्हणणं ही लक्षणाच. पेपरात मात्र तुम्हाला नेमलेलं पुस्तक जे म्हणतं तेच लिहा. गुण त्यावरच मिळतात.