वर्गातले ४५ तास

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. "मावशी, इकॉनॉमिक्स घेऊ की टीचिंग?" असं विचारलंयस, आणि शेवटी जरा बिचकत लिहिलंयस की आईबाबांना कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, हा कमीपणा वाटतो. त्या शेवटच्या ओळीबद्दल आधी बोलते, कारण तीच तुला जास्त टोचत असणार.

त्यांना कागदावर हिशोब मांडून दाखव. तुम्हाला कॅलिफोर्नियात येऊन वर्षाहून जास्त काळ झालाय, म्हणजे तुला रहिवाशांची फी लागू आहे: एका युनिटला (अभ्यासक्रम मोजायचं माप) ४६ डॉलर. ट्रान्सफरसाठी, म्हणजे दोन वर्षांनंतर विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठी, साधारण ६० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांची फी २,७६० डॉलर. उत्पन्नाच्या अटीत बसलात तर कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटमधून तीही माफ होते, तेव्हा फॅफ्सा, म्हणजे शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीचा अर्ज, भरायला आळस करू नकोस. वेळापत्रकात ज्या वर्गांपुढे पाठ्यपुस्तकाचा खर्च नाही अशी खूण असते, ते आधी बघ. बाबांना हेही सांग की ही कॉलेजं काल-परवा निघालेली नाहीत. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झालं ते विद्यापीठाची पहिली दोन वर्षं गावातच शिकता यावीत म्हणून. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. शेवटी पदवीवर नाव विद्यापीठाचंच येतं.

धोका आहे तो वेगळाच, आणि तो मी स्वतः भोगलाय. मी एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबून, आले, तिशी ओलांडल्यावर पुन्हा वर्गात बसले. माझ्या पहिल्या कॉलेजात काउन्सेलरनं दहा मिनिटांत एक यादी हातात ठेवली आणि मी ती डोळे मिटून पाळली. दीड वर्षानं कळलं की त्यातला स्टॅटिस्टिक्सचा कोर्स मला हव्या असलेल्या विद्यापीठात मेजरसाठी, म्हणजे मुख्य विषयासाठी, धरतच नाहीत. एक सेमिस्टर गेलं. पैशांपेक्षा त्या सहा महिन्यांची हळहळ मला फार दिवस राहिली. म्हणून काउन्सेलरकडे जरूर जा, पण जाण्याआधी असिस्टच्या वेबसाइटवर आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि मेजर निवडून कुठला कोर्स कशाच्या जागी धरतात ते स्वतः वाच. ते कागद छापून ने. कॉलेज आणि विद्यापीठाचा हा करार प्रत्येक शैक्षणिक वर्षाचा वेगळा असतो, तेव्हा वर्ष नीट बघ.

आता इकॉनॉमिक्स. ट्रान्सफरच्या असोसिएट डिग्रीचा (कॉलेजची दोन वर्षांची पदवी) गाभा चारच विषयांचा: मायक्रो, मॅक्रो, स्टॅटिस्टिक्स आणि कॅल्क्युलस. ही डिग्री घेतलीस तर कॅल स्टेटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, व्यवस्थेत तिसऱ्या वर्षाला जागा नक्की मिळते. मात्र ती तुला हव्या त्याच कॅम्पसवर मिळेल असं नाही. यूसीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, गोष्ट निराळी. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो सोडून डेव्हिस, अर्वाइनसारखे सहा कॅम्पस अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देतात. त्याचा अर्ज दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात भरायचा, आणि तो एकाच कॅम्पससाठी भरता येतो. काही यूसी कॅम्पसना कॅल्क्युलसची दोन सेमिस्टर हवी असतात. मुलं नेमकं तेच पुढं ढकलतात. मायक्रो-मॅक्रो मजेत होतं, आणि दुसऱ्या वर्षी लक्षात येतं की गणिताची साखळी आता वेळेत संपत नाही. तू पहिल्याच सेमिस्टरला गणित घे. तुला ते कठीण जातं हे मला माहीत आहे, म्हणूनच म्हणते.

एका बाबतीत मात्र तू इतरांच्या पुढे आहेस. बारावीला तू मागणीचा विस्तार-संकोच आणि मागणीतील वृद्धी-ऱ्हास असे दोन वेगळे प्रकार शिकलीस. किंमत उतरली म्हणून खरेदी वाढली तर विस्तार, आपण मागणीच्या त्याच वक्रावर खाली सरकतो. उत्पन्न वाढलं म्हणून त्याच किमतीला जास्त घेतलं तर वृद्धी, अख्खा वक्रच उजवीकडे जातो. मराठीत शब्दच वेगळे आहेत. इंग्रजीत दोन्हीकडे 'डिमांड' हाच शब्द, एकीकडे आधी 'क्वांटिटी' जोडलेला, आणि इथल्या मुलांची पहिली चाचणी हमखास तिथेच अडते. ट्युटरिंग सेंटरमध्ये मी हे आठवड्यातून चार वेळा तरी समजावते. परवा एक मुलगा फळ्यापाशी खडू हातात धरून नुसता उभा होता. मी म्हटलं, "वक्र हलवायचा की तू हलायचंस?" त्यानं वक्रावर बोट ठेवलं, बोट सावकाश खाली सरकवलं, मग थांबला आणि म्हणाला, "म्हणजे किंमत बदलली तर मी हलतो." पुढचं सगळं त्यानं आपणहून सोडवलं. त्याच्या अंगावर बर्गरच्या दुकानाचा युनिफॉर्म होता, शिफ्ट संपवून थेट आला होता.

अशी मुलं तुझ्या शेजारी बसतील. त्यांच्यामुळेच या कॉलेजातला इकॉनॉमिक्सचा वर्ग मला प्रिय आहे. किमान वेतनाचा धडा आला की पुस्तकातली आकृती सांगते, वेतन समतोलाच्या, म्हणजे मागणी-पुरवठा जुळतो त्या पातळीच्या, वर नेलं की कामगारांची मागणी घटणार. पण १९९२ च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीनं ताशी किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ च राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड रेस्टॉरंटांची वाढीआधी आणि वाढीनंतर पाहणी केली, आणि न्यू जर्सीत रोजगार घटल्याचं त्यांना दिसलं नाही. इतरांनी दुसरी आकडेवारी घेऊन त्यावर हरकती घेतल्या, वाद बरीच वर्षं चालला. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. क्रूगर तोवर हयात नव्हते. आता १ एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियात मोठ्या फास्ट फूड साखळ्यांमध्ये ताशी किमान २० डॉलर द्यावे लागतात. हे सांगताना वर्गातली चार-पाच मुलं ताठ बसतात, कारण तो त्यांचा पगार आहे. एक म्हणतो, माझे तास कमी झाले. दुसरी म्हणते, माझे नाही झाले. दोघांच्या अनुभवांवरून राज्याबद्दल काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, इथून खरा धडा सुरू होतो. तुला शिकवायचं असेल तर हे क्षण बघून ठेव, वहीत उतरवून ठेव.

तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. दोन्हींतून एक आताच निवडायची गरज नाही, पण टीचिंग तुला मानवतं का हे आताच तपासून बघ. शिक्षक व्हायचंय म्हणणाऱ्यांसाठी शिकवण्याची ओळख करून देणारा एक प्राथमिक कोर्स असतो. त्यात सरकारी प्राथमिक शाळेच्या वर्गात निदान ४५ तास प्रत्यक्ष बसावं लागतं. त्याआधी बोटांचे ठसे आणि टीबीची चाचणी असे सोपस्कार असतात, त्यांना वेळ लागतो. तू म्हणशील, मला बारावीच्या मुलांना शिकवायचंय, दुसरीच्या वर्गात बसून काय करू? बस. पंचवीस मुलांतलं एक खिडकीबाहेर बघतंय, एकाची पेन्सिल हरवलीये, आणि बाई वजाबाकीतला हातचा तिसऱ्यांदा, तिसऱ्या पद्धतीनं सांगताहेत. ते बघताना तुला कंटाळा आला, की आपण चौथ्या पद्धतीनं सांगून बघावं असं वाटलं, हे तुझं तुलाच कळेल. ते मी सांगू शकत नाही, आई सांगू शकत नाही. हा कोर्स दुसऱ्या सेमिस्टरला घे, शेवटाला ठेवू नकोस. नाही जमलं तर दिशा बदलायला वेळ हाताशी राहील.

जमलं, तर पुढचं ऐक. कॅलिफोर्नियात हायस्कूल पूर्ण करायला इकॉनॉमिक्सचा एक सेमिस्टरचा कोर्स सक्तीचा आहे, त्यामुळे हा विषय शिकवणारी माणसं लागतातच. पण नुसत्या इकॉनॉमिक्सचं क्रेडेन्शियल, म्हणजे शाळेत शिकवायचा परवाना, नसतं, ते सोशल सायन्सचं असतं. त्याच्या परीक्षेत जागतिक इतिहास, अमेरिकेचा इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, कॅलिफोर्नियाचा इतिहास हे सगळं येतं. आणि शाळेत नोकरी लागली की दिवसातले दोन तास इकॉनॉमिक्स आणि उरलेले इतिहास किंवा गव्हर्नमेंट, असंच बहुधा वाट्याला येतं. तेव्हा जनरल एज्युकेशनचे, म्हणजे सगळ्यांना घ्यावे लागणारे, विषय निवडताना मिळेल तो सोपा वर्ग उचलू नकोस. अमेरिकेचा इतिहास, जागतिक इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल घे. तेच युनिट दोन्हीकडे कामाला येतील. ही गोष्ट मला कुणी वेळेवर सांगितली नव्हती.

माझ्यासारखं कॉलेजात शिकवायचं तर क्रेडेन्शियल लागत नाही, इकॉनॉमिक्समधली मास्टर्स लागते. पण पूर्णवेळ जागा थोड्या आहेत. मी आजही दोन कॉलेजांत अर्धवेळ शिकवते, आणि दर सेमिस्टरला वर्ग मिळेपर्यंत जीव टांगणीला लागलेला असतो. शिकवणं मला मनापासून आवडतं, तरी हे तुझ्यापासून लपवणार नाही. शाळेतली नोकरी यापेक्षा स्थिर असते.

रजिस्ट्रेशनच्या आधी चारही सेमिस्टरचा आराखडा एका कागदावर लिहून मला पाठव. शेजारी असिस्टचा कागद जोड. गणित कुठल्या सेमिस्टरला ठेवलंयस ते मी आधी बघेन, आणि शाळेतले ते ४५ तास कुठल्या. गुरुवारी दुपारी दोन ते पाच मी ट्युटरिंग सेंटरमध्ये असते. येताना आईलाही घेऊन ये, तिला ते सेंटर एकदा बघू दे.

तुझी,
मावशी