मोजकेच अणू, तर गुणधर्म कळतात कसे?

तुमची शंका रास्त आहे. कोपर्निशियमचे, म्हणजे ११२ व्या मूलद्रव्याचे, मोजकेच अणू बनतात आणि तेही बघता बघता नष्ट होतात; मग त्याचे गुणधर्म आवर्तसारणीतली जागा बघून ठोकून दिलेत का? नाही. ते तपासलेत, तेही एकेक अणू पकडून.

१९९६ मध्ये जर्मनीत डार्मश्टाटला शिशावर जस्ताच्या अणुकेंद्रकांचा मारा करून ते पहिल्यांदा बनवलं. पण तो समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा प्रकार, सेकंदाचा हजारावा भागही धड टिकत नव्हता. रशियात दुबनाला मग दुसरी वाट धरली. प्लुटोनियम-२४२ वर कॅल्शियम-४८ आदळवलं की आधी ११४ वं, म्हणजे फ्लेरोवियम, तयार होतं. साधारण अर्ध्या सेकंदात ते अल्फा कण सोडतं आणि कोपर्निशियम-२८३ उरतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ, सुमारे ४ सेकंद. एवढा वेळ पुरतो!

पुढचा भाग मला फार आवडतो. हे अणू वायूच्या झोताबरोबर एका अरुंद नळीत सोडतात. नळीला आतून सोन्याचा मुलामा दिलेले डिटेक्टर. सुरुवातीचं टोक खोलीइतकं उबदार, शेवटचं शून्याखाली १८० अंशांच्या आसपास. सोन्याशी घट्ट जुळणारा पारा उबदार टोकालाच चिकटतो, तर रेडॉनसारखा निष्क्रिय वायू पार गार टोकापर्यंत जातो. कोपर्निशियमचा अणू जिथे अडकेल तिथेच फुटतो आणि त्या जागेचा डिटेक्टर ते टिपतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात असे दोनच अणू होते. दोघेही रेडॉनच्या खूप आधी थांबले, पण पाऱ्याइतके घट्ट चिकटले नाहीत. म्हणजे पाऱ्याच्याच घराण्यातला, पण त्याहून जास्त उडून जाणारा धातू.

यामागे आइन्स्टाइनची सापेक्षता आहे. केंद्रकात ११२ प्रोटॉन असल्यावर सगळ्यात आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या ८० टक्क्यांच्या घरात धावतात. त्यामुळे बाहेरची 'एस' नावाची गोल कक्षासुद्धा आत ओढली जाते आणि तिथले दोन इलेक्ट्रॉन बंधासाठी सहजी मोकळे होत नाहीत. पारा द्रव असण्याचं कारणही हेच, इथे ते आणखी तीव्र होतं.

११८ व्या ओगानेसॉनबाबत मात्र तुमचा संशय बरोबर आहे. ते मिलिसेकंदभरही टिकत नाही, त्यामुळे त्याचं रसायन अजून कोणी तपासलेलं नाही. तक्त्यांत त्याच्यासमोर 'निष्क्रिय वायू' लिहितात ते निव्वळ जागेवरून. गणितं तर सांगतात की ते खोलीच्या तापमानाला घन असावं.