मेडलवरच्या अक्षरांबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, वसईच्या मैत्रिणीने सेंट बेनेडिक्टचं मेडल दिलंय, चावीला लावलंय. त्यावर नुसती सुटी अक्षरं आहेत, एक शब्द लागत नाही. गुप्त मंत्र आहे का काही?

गुप्त अजिबात नाही हो, बेनेडिक्ट म्हणजे जुन्या काळचे ख्रिश्चन मठवासी संत, आणि लॅटिन प्रार्थनेतल्या शब्दांची पहिली अक्षरं आहेत ती. कडेने व्ही आर एस दिसतंय ना, ते 'वादे रेत्रो साताना', म्हणजे सैताना, चालता हो! पुढे, मला फोल गोष्टींची भुरळ घालू नकोस, तू पाजतोस ते वाईटच, तुझं विष तूच पी. मधे हा अर्थ लोक पार विसरले होते. 1647 मधे जर्मनीतल्या बव्हेरियात चेटकिणी म्हणून पकडलेल्या बायका म्हणाल्या की मेटनच्या मठावर आमचं काही चालत नाही, तिथे क्रूस आहे, मग शोधल्यावर मठाच्या भिंतींवर हीच अक्षरं दिसली आणि उलगडा झाला तो तिथल्याच 1415 च्या हस्तलिखितातून. मला मात्र त्या बायकांचंच वाईट वाटतं, कसल्या भीतीत दिला असेल तो जबाब.

प्रश्न: आपल्याकडे ताईतात कागद घालतात तसं ख्रिश्चनांत पण होतं का?

होतं की, आणि फार जुनं. फ्रँकफर्टला एका कबरीत, साधारण 230 ते 270 सालची, माणसाच्या हनुवटीखाली साडेतीन सेंटिमीटरचा चांदीचा ताईत मिळाला. आत पातळ पत्र्याची गुंडाळी, उलगडायला गेलं तर चुराच होणार, म्हणून सीटी स्कॅन करून कॉम्प्युटरवर उलगडली तर लॅटिनच्या 18 ओळी निघाल्या, येशूच्या नावाने रक्षण मागणाऱ्या. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स लायब्ररीतला इजिप्तचा पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला जुना कागद, तर मला त्याहून आवडतो, सहाव्या शतकातला, बायबलच्या ओळी चक्क धान्याच्या कराच्या पावतीमागे लिहिल्यात! घड्यांच्या रेघा अजून दिसतात त्यावर. घरात होता तो कागद घेतला आणि अंगावर बाळगला कोणीतरी.

प्रश्न: चर्चला हे चालतं का?

पूर्वी खूप विरोध होता, चौथ्या शतकात लाओदिकियाच्या (आजच्या तुर्कस्तानातलं जुनं शहर) धर्मसभेने पाद्र्यांना ताईत बनवायला सरळ बंदी केली, तरी लोक घालतच राहिले. मेडलचं वेगळं आहे, कॅथलिक चर्चची त्याला मान्यता आहे, पण प्रार्थनेची आठवण म्हणून, धातूत जादू आहे म्हणून नाही, आणि मला हेच पटतं. तुमच्या मेडलवर क्रूसाच्या वर 'पॅक्स' आहे का बघा, म्हणजे शांती. असेल तर ते बेनेडिक्टच्या जन्माला 1400 वर्षं झाली म्हणून 1880 मधे काढलेल्या डिझाइनचं आहे.