जावयाची रायफल, बार्शीचा सासरा

प्रश्न : माझा जावई अमेरिकेत मोंटानात असतो. तिकडच्या एका कारागिराकडून तो जुन्या विंचेस्टर १८९४ च्या धर्तीवर लिव्हरची, म्हणजे चापाखालचा दांडा खाली-वर ओढून भरायची, रायफल घडवून घेतोय, काडतूस .३०-३०. पुढच्या ऑक्टोबरात हरणाच्या शिकारीला चला म्हणतो. आमच्याकडे वडिलांपासूनची परवान्याची १२ बोर छर्‍याची बंदूक आहे, पण लिव्हरवाली फक्त पिक्चरमध्ये बघितली. तो विचारतोय, पैसा कशावर घालू? नक्षी, अष्टकोनी नळी, सोन्याचं काम असं बरंच काही कारागीर सांगतोय. आणि ती रायफल पुढे मला इकडे आणता येईल का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, म्हणजे मन मोकळं होईल. नाही आणता येणार. साध्या परवानाधारकाला परदेशातून रायफल आयात करायची मुभा आपल्याकडे नाही, जावयाने प्रेमाने दिली तरी नाही. ती तिकडेच राहू द्या आणि तुम्ही तिकडे जा.

आता पैशाचं. माझी हयात बंदुकांना लाकडी दस्ते बसवण्यात गेली, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे तुम्हाला कळलंच असेल. पहिला पैसा लाकडावर आणि ते लाकूड लोखंडाला कसं बसतं त्यावर. नक्षीला सगळ्यात शेवटी, उरला तर.

जावयाला म्हणावं, रायफल हातात आली की आधी दस्त्याचं तोंड बघ. लिव्हरच्या रायफलीचं लाकूड दोन तुकड्यांत असतं, पुढे हाताखालचं आणि मागे खांद्याचं. मागचा दस्ता लोखंडी पट्टीच्या दोन जिभांमध्ये घुसतो आणि एका उभ्या स्क्रूने आवळला जातो. बार झाला की सगळा धक्का त्या सांध्यावर येतो. लाकडाने तो खांद्यांवर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सपाट तोंडांवर झेलला पाहिजे. वरच्या जिभेचं मागचं टोक मात्र लाकडाला टेकता कामा नये, तिथे कागद सरकेल एवढी फट हवी. टेकलं की ते टोक पाचरीसारखं काम करतं आणि तिथूनच चीर सुरू होते. जुन्या रायफलींच्या दस्त्यांवर मनगटाजवळ, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागाजवळ, जी उभी चीर दिसते ती बहुतेक याच कारणाची. नवशिका कारागीर दिसायला छान म्हणून जिभेच्या टोकापर्यंत घट्ट लाकूड भरतो. तयार माणूस फट सोडतो, आणि ती बाहेरून कळूही देत नाही.

दुसरं, दस्त्याचं बूड. १८९४ च्या जुन्या रायफलींना चंद्रकोरीसारखं कोरलेलं पोलादी बूड असायचं. दिसतं देखणं, पण ते खांद्याच्या खळग्यात धरायचं नसतं, दंडाच्या वरच्या भागावर घ्यायचं असतं. १२ बोर धरायची सवय असलेला माणूस ते खळग्यात घेतो आणि त्याची दोन टोकं मांसात रुततात. तुम्ही दोघं आळीपाळीने वापरणार असाल तर सपाट बूड सांगा, शॉटगनला असतं तसं. चापापासून बुडापर्यंतची लांबीही जावयाच्या एकट्याच्या मापाने ठरू देऊ नका. थंडीचे जाड कपडे अंगावर असणार, थोडी आखूडच बरी.

लाकूड अक्रोडाचं घ्या, अमेरिकन काळा अक्रोड चालेल. मनगटाच्या ठिकाणी रेघा सरळ धावल्या पाहिजेत. लहरी, ज्वाळा, डोळे जे काही सुंदर असेल ते मागच्या रुंद भागात. मनगटात आडव्या रेघा असलेलं लाकूड कितीही रंगीत असलं तरी परत करा. वर चकाकणारं वॉर्निश नको, तेल मुरवलेलं हवं. ओरखडा आला तर तेलाचं लाकूड घरी दुरुस्त होतं.

अष्टकोनी २६ इंची नळी टाळा. वीस इंची गोल नळीची कार्बाइन तीन किलोच्या आसपास भरते आणि डोंगर चढताना एका हातात मावते. पेटीच्या, म्हणजे नळीमागच्या यंत्राच्या घराच्या, लोखंडावर ते निळे-तपकिरी ढग मात्र अवश्य करून घ्या. त्यासाठी सुटे भाग हाडाच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून भट्टीत तापवतात आणि एकदम पाण्यात सोडतात. वरची पातळ साय कडक होते, आतलं लोखंड मऊ राहतं, आणि रंग ओघाने येतात. कुठल्याही दोन रायफलींचे रंग सारखे निघत नाहीत. उन्हाने आणि हाताच्या घामाने ते हळूहळू उडतात, उडू द्यावेत. सोन्याचं काम म्हणाल तर आपल्या उदयपूरकडचं कोफ्तगिरीचं, लोखंडात सोन्याची तार ठोकायचं काम बघितलेल्या माणसाला तिकडच्या तारांचं काय कौतुक!

नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच तुमच्या वयाला त्रास देणार. जवळची खाच पुसट, लांबचं जनावर पुसट, माशी तेवढी स्पष्ट. त्याऐवजी मागे बारीक भोकाची चकती लावून घ्या, भोकातून नुसतं बघायचं आणि माशी ठेवायची. दुर्बीण नको. १८९४ ची रिकामी टोपणं, म्हणजे उडालेल्या काडतुसांची पितळी कवचं, वरच्या तोंडातून उडतात, जुन्या धर्तीच्या पेटीवर ती नीट बसवणं हीच एक कटकट. दुर्बिणीचा हट्टच असेल तर १९४८ साली आलेली मार्लिन ३३६ बघा, ती टोपणं बाजूने फेकते.

चालवताना तुमची एक सवय मोडावी लागेल. १२ बोर आपण हळुवार उघडतो, हळुवार मिटतो. लिव्हर हळुवार ओढलेली चालत नाही. खाली ओढली की नळीचं मागचं तोंड बंद करणारी खिट्टी मागे जाते, रिकामं टोपण उडतं, घोडा चढतो आणि नळीखालच्या नळकांड्यातलं नवं काडतूस वर उचललं जातं. वर आणली की ते नळीच्या मागच्या कोठीत जातं आणि खिट्टीमागे पोलादी ठोकळा उभा राहतो. अर्ध्यात हात थांबला की काडतूस आडवं अडकलंच समजा. शेवटपर्यंत खाली, शेवटपर्यंत वर. आधी रिकाम्या रायफलीवर सवय करा.

काडतुसं त्या नळकांड्यात एकामागे एक झोपलेली असतात, एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. म्हणून .३०-३० ची गोळी चपट्या तोंडाची असते. अणकुचीदार गोळी भरली तर धक्क्यासरशी ती पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर आपटून नळकांड्यातच बार होऊ शकतो. अलीकडे हॉर्नाडी कंपनीची मऊ रबरी टोकाची गोळी मिळते, ती चालते. १७० ग्रेन वजनाची साधी गोळी हरणाला पुरते. माझं मत विचाराल तर दीडशे यार्डांपलीकडे चाप ओढू नका. ही रायफल जवळ जाणाऱ्याची आहे, दुरून मारणाऱ्याची नव्हे.

कागदपत्रांचं जावयाला आताच विचारा. तुम्ही पर्यटक व्हिसावर जाणार. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा माणसाला बंदूक हातात घेता येत नाही, याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे तिथल्या राज्याने दिलेला शिकारीचा वैध परवाना. म्हणजे आधी परवाना, मग रायफल, जावयाच्या अंगणातल्या सरावालासुद्धा. मोंटानात बाहेरच्या माणसाला हरणाचा परवाना सोडतीतून मिळतो आणि अर्ज हंगामाच्या बराच आधी करावा लागतो, ऑक्टोबरात जाऊन मागाल तर हात हलवत परत. शिकारीचं प्रशिक्षण १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्यांना सक्तीचं आहे, तुम्ही सुटलात. आणि कमरेच्या वर निदान ४०० चौरस इंच भडक नारिंगी कपडा अंगावर हवा. आपल्याकडच्या जुन्या शिकाऱ्यांना हे हास्यास्पद वाटेल, पण दुसऱ्या शिकाऱ्याच्या गोळीपासून तोच वाचवतो.

प्रश्न : आमच्या उसात रानडुकरं घुसतात. माझ्याकडे परवान्याची बंदूक आहे. स्वतःच्या शेतात मारली तर काय होतं? (एक शेतकरी, माढा तालुका)

उत्तर : गुन्हा होतो. बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि १९९१ च्या दुरुस्तीत परवान्यावरची उरलीसुरली शिकारही गेली. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकराबाबत कलम ११ खाली वन अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो, तो आदेश हातात आल्याशिवाय काडतूस भरू नका. नुकसान झालं की लगेच वनपालाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई त्यावरच मिळते. आणि काळविटाकडे नळी वळवूच नका. ते पहिल्या अनुसूचीत आहे, तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर सकाळी दुर्बीण घेऊन जा, डोळे भरून बघा.

प्रश्न : सासरे गेले. त्यांची रायफल कपाटात आहे, परवाना त्यांच्याच नावावर. घरात कुणाला ती नकोय, पण मोडीत द्यायला जीव होत नाही. (एक वाचक, अक्कलकोट)

उत्तर : ताई, कपाटातली आधी बाहेर काढा. परवानाधारक गेल्यावर ती घरात ठेवणं बेकायदा ठरतं. परवान्याची प्रत आणि मृत्यूचा दाखला घेऊन ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या. मग वारसांपैकी एकाने जिल्हाधिकाऱ्यांकडे परवान्याचा अर्ज करायचा, बाकीच्यांची ना-हरकत जोडून. २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाहक्काच्या धरून. कुणालाच नको असेल तर विक्रेत्यामार्फत दुसऱ्या परवानाधारकाला विका. जुन्या हत्यारांची हौस भागवायला तुमच्याच गावातलं राजवाड्यातलं शस्त्रागार आहे की.

प्रश्न : उन्हाळ्यात १२ बोरच्या दस्त्याला चीर गेली. खोबरेल लावलं तर भरेल का? (एक वाचक, मंगळवेढा)

उत्तर : भरणार नाही, उलट काम वाढेल. खोबरेल वाळत नाही, चिकट राहून धूळ धरतं. चिरीत कुठलंही तेल गेलं की पुढे चिकटवणारं काही धरत नाही. आधी कोरड्या चिरीत पातळ एपॉक्सी सोडा, दोरीने आवळून रात्रभर ठेवा. मग जवसाचं उकळलेलं तेल, रंगाच्या दुकानात मिळतं ते, बोटाने अगदी थोडं चोळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवा.