हॉलिडे एपिसोड: सुट्टीचा की सणाचा?

प्रश्न असा आहे. एकजण हौसेने जुन्या इंग्रजी सिटकॉमना (विनोदी मालिकांना) मराठी सबटायटल्स करतो, त्याने 'हॉलिडे एपिसोड'चं 'सुट्टीचा भाग' केलं. मित्र म्हणाला चूक, 'सणाचा भाग' म्हण. यावर याचं म्हणणं की सण म्हटला की पूजाअर्चा आली, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगला कुठे पूजा असते? तर बरोबर कोण?

मित्र बरोबर आहे. पण सुट्टी डोक्यात येणं साहजिक आहे कारण आपलं इंग्रजी ब्रिटिशांकडून आलंय. हॉलिडे म्हणजे मुळात होली डे, पवित्र दिवस, त्या दिवशी काम बंद, आणि मग हळूहळू 'काम बंद' हाच अर्थ पुढे आला. ब्रिटनमधे हॉलिडे म्हणजे सुट्टी नाहीतर सुट्टीतली ट्रिप. अमेरिकेत ट्रिपला व्हेकेशन म्हणतात, आणि नोव्हेंबर संपत आला की लोक 'द हॉलिडेज' म्हणायला लागतात ते थँक्सगिव्हिंगपासून न्यू इयरपर्यंतच्या सगळ्या सणावारांना मिळून. मालिकेचा त्या सणांवर बेतलेला भाग तो हॉलिडे एपिसोड. ब्रिटिश लोक अशा भागाला सरळ 'ख्रिसमस स्पेशल' म्हणतात. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या ब्रिटिश मालिकेचा 29 डिसेंबर 1996 चा भाग 2 कोटी 43 लाख लोकांनी बघितला होता, त्याला तिकडे कोणी हॉलिडे एपिसोड म्हटलं तर वाटेल मालिकेतली ट्रॉटर मंडळी समुद्रावर गेली वाटतं.

अमेरिकनांना हा मोघम शब्द का लागतो हे बघायला 'फ्रेंड्स'चा 14 डिसेंबर 2000 चा भाग घ्या. रॉस ज्यू, त्याला मुलाला हानुका हा ज्यूंचा सण शिकवायचाय, मुलाला सँटा हवाय, दुकानात सँटाचा ड्रेस शिल्लक नाही म्हणून हा आर्माडिलो (अंगावर कवच असलेला अमेरिकेतला प्राणी) बनून येतो आणि ठोकून देतो की मी सँटाचा दक्षिणेकडच्या राज्यांचा आणि मेक्सिकोचा प्रतिनिधी. नाव सांगतो 'हॉलिडे आर्माडिलो'. ख्रिसमसचा म्हटलं तर हानुका गेला, हानुकाचा म्हटलं तर पोरगं रुसणार, म्हणून हॉलिडे. आता याचं 'सुट्टीतला आर्माडिलो' करा, लगेच वाटेल की बिचारा मे महिन्यात मामाच्या गावाला आलाय. 'सणाचा आर्माडिलो' चालून जातं. (आणि कृपा करून त्याचं खवलेमांजर करू नका, तो वेगळा प्राणी.)

राहिला पूजेचा मुद्दा. बैलपोळा आठवा, त्यात बैलाची शिंगं रंगवणं, मिरवणूक आणि पुरणपोळी जास्त, देव कमी, तरी त्याला सणच म्हणतो ना आपण? थँक्सगिव्हिंग पण तसाच, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, घरचे सगळे जमायचे, टर्की खायची आणि जेवताना जुनी भांडणं उकरायची. सण या शब्दात धर्म असलाच पाहिजे असं काही नाही. शब्द आलाय संस्कृत 'क्षण'वरून, त्याचा एक अर्थ उत्सव असाही होता, प्राकृतात झाला 'छण' आणि मराठीत 'सण'. गंमत म्हणजे सुट्टीचीही वाट तीच. हिंदीत जिथे छ आहे तिथे आपल्याकडे बरेचदा स येतो, छुरी-सुरी, छह-सहा, तसंच छूटना-सुटणे, छुट्टी-सुट्टी (पेपरवाले 'सुटी' लिहितात, मला ते कायम अर्धवट सुटल्यासारखं वाटतं). म्हणजे दोन्ही शब्दांत तोच बदल झाला, पण अर्थ कधी एक झाले नाहीत. आपण 'दिवाळीची सुट्टी', 'नाताळची सुट्टी' म्हणतो, सण वेगळा आणि त्याची सुट्टी वेगळी. इंग्रजीत एकाच शब्दावर दोन्ही कामं टाकलीत.

त्यामुळे एका ठिकाणी मात्र मराठी अडकते. लष्करी इस्पितळावरच्या 'मॅश' मालिकेचा 15 डिसेंबर 1980 चा भाग, नाव 'डेथ टेक्स अ हॉलिडे'. कोरियन युद्ध, ख्रिसमसचा दिवस, एक सैनिक वाचणार नाही हे नक्की, पण त्याच्या मुलांना आयुष्यभर नाताळ म्हणजे बाबा गेले तो दिवस वाटू नये म्हणून डॉक्टर त्याला मध्यरात्रीपर्यंत जगवायला धडपडतात, तो थोडा आधीच जातो आणि त्यांच्यातला हॉकआय घड्याळाचा काटा पुढे सरकवतो. इथे हॉलिडे म्हणजे मरणाने घेतलेली सुट्टीही आणि सणही. 'मरणाची सुट्टी' केलं तर सण जातो, शिवाय 'मरणाचं ऊन'सारखं काहीतरी कानाला लागतं. मी 'मरणा, आज सण आहे' असं काहीतरी करेन, शब्दाला शब्द बसत नाही पण भागाला बसतं.

आणि सण वेगळा, सुट्टी वेगळी याचा इंग्रजीतलाच पुरावा हवा तर 'साइनफेल्ड' ही अमेरिकन विनोदी मालिका. 18 डिसेंबर 1997 चा 'द स्ट्राइक' हा भाग, ज्यातून 23 डिसेंबरचा 'फेस्टिव्हस' हा सण सगळीकडे माहीत झाला. (लेखकांपैकी डॅन ओकीफच्या वडिलांनी तो घरातल्या घरात काढलेला सण.) बारा वर्षांचा संप संपवून मालिकेतला क्रेमर बेगलच्या (कडं असावं तशा गोल पावाच्या) दुकानात कामाला परत लागतो, फेस्टिव्हससाठी 23 तारीख मागतो, मॅनेजर नाही म्हणतो, आणि हा परत संपावर. सण आहे, सुट्टी नाही, भांडण त्याचंच. तिथे 'हॉलिडे'ला एकच मराठी शब्द ठेवलात तर जोकच मरेल.

जाता जाता, त्याच भागात जेवायला बसल्यावर वर्षभराच्या तक्रारी एकमेकांच्या तोंडावर सांगायचा विधी आहे, त्याचं 'तक्रार निवारण' करू नका, तहसील कचेरीत गेल्यासारखं वाटतं. 'गाऱ्हाणी' लिहा. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात त्यामुळे त्या शब्दाला विधीचा वास आयताच आहे, फक्त इथे ऐकायला देव नाही, मालिकेत हा सण काढणारा फ्रँक कॉस्टान्झा आहे आणि बाजूला ख्रिसमस ट्रीऐवजी अॅल्युमिनियमचा नुसता खांब.