दीड-दोन वर्षांच्या मुलासोबत थीम पार्कमध्ये जेवणाची जागा कशी निवडावी?

आपला प्रश्न असा आहे की, वीस महिन्यांच्या मुलाला घेऊन मोठ्या थीम पार्कमध्ये तीन-चार दिवस घालवायचे असतील, तर तिथल्या असंख्य रेस्टॉरंटांमधून निवड कशी करायची, टेबल आधीच राखून ठेवायचे की ऐनवेळी ठरवायचे, आणि कार्टूनमधली पात्रे टेबलापाशी येऊन भेटतात अशा जेवणावर खर्च करावा का. माझी मुलगी चालायला लागल्यापासून शाळेत जाऊ लागेपर्यंत आम्ही तिला अशा पार्कमध्ये नेत आलो आहोत, आणि त्या अनुभवावरून माझे मत अगदी पक्के झाले आहे. मेन्यूकार्ड शेवटी पाहावे. मुलाला भूक लागल्यापासून पहिला घास त्याच्या तोंडात जाईपर्यंत किती वेळ जाणार आहे, हे सर्वांत आधी पाहावे.

टेबलावर वाढून देणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये हा वेळ नेमका कुठे जातो, ते एकदा मनाशी मांडून पाहा. दाराशी नाव सांगून आपली पाळी येईपर्यंत, आरक्षण असले तरी, दहा-पंधरा मिनिटे सहज जातात. बसल्यावर मेन्यूकार्ड येते, मग पाणी येते, मग वाढपी ऑर्डर घ्यायला येतो, आणि त्यानंतर स्वयंपाकघरातून ताटे बाहेर येईपर्यंत आणखी वीस-पंचवीस मिनिटे. म्हणजे भूक लागल्यावर आपण त्या दाराशी पोहोचलो, तर जेवण समोर येईस्तोवर पाऊण तास उलटलेला असतो. या वयाच्या मुलाची एका जागी बसण्याची सहनशक्ती तेवढ्यात संपते. जेवण येते तेव्हा ते खुर्चीतून उतरण्यासाठी धडपडत असते, आणि मग आई-वडिलांपैकी एकाने त्याला घेऊन बाहेर फेऱ्या मारायच्या आणि दुसऱ्याने घाईघाईत जेवायचे, असा प्रकार होतो. तेथील अन्न कितीही उत्तम असले, तरी त्याचा आस्वाद कोणालाच घेता येत नाही.

म्हणून दुपारच्या जेवणासाठी मी जवळजवळ नेहमीच काउंटरवरून जेवण घेण्याची जागा सुचवेन, आणि त्यातही मोबाइल अ‍ॅपवरून आधी ऑर्डर देता येते अशी. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये काउंटर सेवेच्या बहुतेक ठिकाणी ही सोय आहे: पदार्थ निवडून, पैसे भरून ऑर्डर अ‍ॅपमध्ये तयार ठेवता येते आणि आपण जवळ पोहोचल्यावर ‘आम्ही आलो आहोत’ असे कळवले की मगच स्वयंपाकघर ती तयार करायला घेते. लहान मुलाच्या दृष्टीने ही सोय फार मोलाची आहे, कारण एखाद्या राइडच्या रांगेत उभे असतानाच जेवणाचे ठरवून टाकता येते आणि मूल भुकेने कासावीस होईपर्यंत निर्णय लांबत नाही. दोन मोठी माणसे असतील तर एकाने मुलाला घेऊन टेबल धरावे, त्याला खुर्चीत बसवून पट्टा लावावा आणि पिशवीतले केळे किंवा पावाचा तुकडा हातात द्यावा. दुसऱ्याने ट्रे आणावा. मूल आणि आपण असे दोघेच असाल तर मात्र आधी एक गोष्ट पाहून ठेवा: ट्रे टेबलापर्यंत पोहोचवायला तेथील कर्मचारी मदत करतात का. विचारल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही, पण विचारावे लागते. एका हातात गरम पेयांचा ट्रे आणि दुसऱ्या हाताला ओढ देणारे मूल, अशा अवस्थेत गर्दीतून टेबल शोधणे धोक्याचे आहे आणि ते टाळलेच पाहिजे.

वेळेचा दुसरा भाग घड्याळाचा. बारा ते दीड या काळात पार्कमधील बहुतेक रेस्टॉरंटे भरलेली असतात आणि याच वेळी बहुतेक लहान मुलांना झोप येऊ लागते. त्यामुळे दुपारचे जेवण अकराच्या सुमारास उरकावे, असा माझा आग्रह आहे. त्या वेळी टेबले रिकामी असतात, लहान मुलांसाठीच्या उंच खुर्च्या पुसलेल्या आणि हाताशी असतात, कर्मचारी घाईत नसतात, आणि जेवल्यावर बाबागाडीत मूल आपोआप पेंगते. मग त्या तासा-दीड तासात मोठ्यांना निवांत चालता येते किंवा सावलीत बसता येते. संध्याकाळचे जेवणही असेच, पाचच्या आसपास. घरी आपण आठला जेवत असाल तरी पार्कच्या दिवशी मुलाचा दिवस लवकर संपतो. सकाळपासूनचा गोंगाट, ऊन आणि नव्या गोष्टी यांनी ते संध्याकाळी थकलेले असते, आणि सात वाजता सुरू होणारे बसून करायचे जेवण बहुधा अर्धवट सोडावे लागते.

आता जागेविषयी. पार्कच्या नकाशावर रेस्टॉरंट निवडताना मी पदार्थांआधी चार गोष्टी पाहते: जागा बंदिस्त आणि वातानुकूलित आहे का, डायपर बदलण्याची सोय असलेले स्वच्छतागृह किती जवळ आहे, बाबागाडी आत नेता येते की बाहेर ठेवावी लागते, आणि टेबले एकमेकांपासून किती अंतरावर आहेत. यांपैकी बाबागाडीचा मुद्दा लोक विसरतात. बसून जेवायच्या अनेक रेस्टॉरंटांत बाबागाडी बाहेरच ठेवावी लागते. मूल तीत झोपलेले असेल तर त्याला उचलून आत न्यावे लागते आणि मग ते जागे होतेच. दाराबाहेर गाडी ठेवताना डायपर, कपडे आणि खाण्याची पिशवी काढून घ्यायची हेही लक्षात ठेवावे, कारण जेवणाच्या मध्येच त्यांची गरज पडते.

उंच खुर्ची मिळाली म्हणजे काम झाले, असे नाही. तिचा पट्टा धड आहे का, हे बसवण्याआधी ओढून पाहावे. सार्वजनिक ठिकाणच्या खुर्च्यांचे पट्टे अनेकदा तुटलेले किंवा गाठ मारून ठेवलेले असतात. खुर्ची टेबलाच्या अगदी जवळ ओढली तर मूल दोन्ही पाय टेबलाच्या कडेला टेकवून मागे रेटते आणि खुर्ची कलंडू शकते, म्हणून पाय टेबलापर्यंत पोहोचणार नाहीत एवढे अंतर राखावे आणि खुर्चीचा मागचा भाग शक्यतो भिंतीशी असावा. वाढपी ज्या बाजूने गरम ताटे आणतो, त्या बाजूला मुलाला बसवू नये. वाढपी येण्याआधी आपण स्वतःच या जागा ठरवून घ्याव्यात.

आता आवाज आणि अंधार यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण थीम असलेल्या रेस्टॉरंटांची जाहिरात नेमकी याच दोन गोष्टींवर उभी असते. डिस्ने वर्ल्डमधील अ‍ॅनिमल किंगडम या पार्कच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या रेनफॉरेस्ट कॅफेत जंगलाचा देखावा आहे आणि अधूनमधून गडगडाट, विजा आणि प्राण्यांचे यांत्रिक पुतळे हलण्याचा कार्यक्रम चालतो. चार-पाच वर्षांच्या मुलांना त्याचे फार अप्रूप वाटते. दीड वर्षाच्या मुलाला मात्र अचानक झालेल्या अंधाराचा आणि गर्जनेचा अर्थ लावता येत नाही, आणि घाबरलेले मूल जेवत नाही. तिथल्याच हॉलिवूड स्टुडिओज या पार्कमधील साय-फाय डाइन-इन थिएटरमध्ये अंधाऱ्या सभागृहात मोटारींच्या आकाराच्या टेबलांवर बसून जुन्या विज्ञानपटांचे तुकडे पाहत जेवायचे असते. कल्पना सुंदर आहे, पण अंधारात मुलाच्या तोंडात काय जात आहे हे नीट दिसत नाही, आणि बैठक एकामागे एक असल्याने मुलाकडे तोंड करून भरवणे अवघड होते. याउलट एपकॉट या पार्कमधील कोरल रीफ रेस्टॉरंटमध्ये समोर प्रचंड मत्स्यालय आहे. मासे सावकाश फिरत असतात, आवाज नाही, आणि मूल बघत बघत खाते. त्याच पार्कमधील गार्डन ग्रिल हे फार हळू फिरणारे रेस्टॉरंट आहे, आणि तेथे अन्न मोठ्या थाळ्यांतून सर्वांसाठी एकत्र येत असल्याने प्रत्येकाच्या ऑर्डरची वाट पाहावी लागत नाही. थीम निवडताना माझी कसोटी हीच: जे शांतपणे आणि सतत हलते ते लहान मुलाला गुंतवते, जे अचानक घडते ते त्याला बिथरवते. कोणत्याही पार्कमध्ये ही कसोटी लागू पडते.

पात्रांसोबतच्या जेवणाबद्दल आपण विशेष विचारले आहे. त्याची एक मोठी जमेची बाजू आहे: पात्रे टेबलापाशी येतात, त्यामुळे पार्कमध्ये उन्हात तासभर रांगेत उभे राहावे लागत नाही. बुफे असेल तर ताट लगेच भरता येते आणि वाट पाहण्याचा प्रश्नच मिटतो. डिस्ने वर्ल्डमध्ये 3 वर्षांखालील मुलांना पार्कचे तिकीट लागत नाही आणि बुफेत त्यांचे पैसेही घेत नाहीत, म्हणजे खर्च फक्त मोठ्यांचा. तरीही पहिल्याच दिवशी हे जेवण ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पडद्यावर तळहाताएवढे दिसणारे पात्र प्रत्यक्षात मोठ्या माणसाएवढे उंच, भल्यामोठ्या डोक्याचे आणि बहुधा न बोलणारे असते, आणि अनेक मुले त्याला पाहून आईच्या मानेत तोंड लपवतात. आधी मिरवणुकीत किंवा चौकात दुरून ती पात्रे दाखवावीत, मुलाचा चेहरा पाहावा, आणि ते हात हलवत असेल, पुढे जाऊ पाहत असेल, तरच दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी आधी राखून ठेवलेले जेवण कायम ठेवावे, नाहीतर रद्द करावे. जेवताना पात्र जवळ येऊ लागले आणि मूल आक्रसले, तर हाताने नम्रपणे खूण करून थांबवावे. ती वेशभूषेतली माणसे या खुणा चटकन ओळखतात आणि लांबूनच हात हलवून पुढे जातात. फोटोसाठी मुलाला पात्राच्या हातात देण्याचा हट्ट कोणीही करू नये, आजी-आजोबांनीही नाही.

पदार्थांविषयी थोडक्यातच सांगते, कारण मऊ भात, पास्ता, उकडलेल्या भाज्या, फळे यांपैकी काही ना काही जवळजवळ सर्वत्र मिळते आणि मोठ्यांच्या ताटातूनही बाजूला काढता येते. मसाला, सॉस किंवा चीज वेगळे द्यायला सांगावे. खरी काळजी घ्यायची ती घशात अडकणाऱ्या वस्तूंची. पॉपकॉर्न पार्कच्या कोपऱ्याकोपऱ्यावर विकले जाते, आणि बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असा आहे की पॉपकॉर्न, अख्खे दाणे आणि कडक गोळ्या 4 वर्षांखालील मुलांना देऊ नयेत. द्राक्षे आणि सॉसेज गोल चकत्या न करता उभे चिरून, बारीक तुकडे करून द्यावेत. चालत्या बाबागाडीत खायला देऊ नये, कारण मागून ढकलणाऱ्याला मुलाचा चेहरा दिसत नाही. अ‍ॅलर्जी असेल तर ती आरक्षणात नोंदवून ठेवावी आणि बसल्यावर पुन्हा तोंडी सांगावी.

घरचे किंवा हॉटेलमध्ये तयार केलेले खाणे सोबत नेता येते का, हे त्या त्या पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे, कारण नियम वेगवेगळे आहेत. डिस्ने वर्ल्डमध्ये काचेची भांडी नसतील तर बाहेरचे खाणे आत नेता येते. टोकियो डिस्ने रिसॉर्टमध्ये बाहेरचे जेवण आत नेता येत नाही आणि त्यासाठी प्रवेशद्वाराबाहेर वेगळी जागा आहे. शिजवलेले अन्न नेत असाल तर ते बर्फाच्या पाकिटासह थंड पिशवीत ठेवावे. बाहेर काढून ठेवलेले नाशवंत अन्न दोन तासांच्या आत, आणि तापमान 32 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर तासाभरातच संपवावे किंवा टाकून द्यावे. हात मात्र साबण-पाण्यानेच धुवावेत. सॅनिटायझर सोयीचा असला तरी उलट्या-जुलाबांना कारणीभूत होणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा परिणामकारक नाही, आणि राइडच्या दांड्यांना हात लावून आलेले मूल तोच हात थेट तोंडात घालते.

अनेक मोठ्या पार्कमध्ये तान्ह्या व लहान मुलांसाठी वेगळे केंद्र असते आणि पुष्कळ पालकांना त्याचा पत्ताच नसतो. डिस्ने वर्ल्डच्या चारही पार्कमध्ये असे बेबी केअर सेंटर आहे. तेथे भरवण्यासाठी उंच खुर्च्या, मायक्रोवेव्ह, दूध पाजण्यासाठी शांत खोली आणि डायपर बदलण्याची स्वच्छ जागा मिळते. मूल गर्दीत जेवतच नसेल, तर मी त्याला आधी तेथे भरवते आणि मगच मोठ्यांच्या जेवणाचा विचार करते. पोट भरलेले मूल रेस्टॉरंटमध्ये अर्धा तास आनंदाने बसते, आणि मग टेबल सेवेचे जेवणही शक्य होते.

राहिला प्रश्न आरक्षणाचा. मुक्कामातली बहुतेक जेवणे मोकळी ठेवावीत आणि बसून करायचे एखादेच जेवण आगाऊ राखून ठेवावे. डिस्ने वर्ल्डमध्ये ही आरक्षणे 60 दिवस आधी उघडतात आणि पात्रांची जेवणे लवकर भरतात, म्हणून ते हवे असेल तर तारीख चुकवू नका. त्याच वेळी आरक्षण रद्द करण्याची मुदत किती आणि उशिरा रद्द केल्यास किती पैसे कापतात, हेही वाचून ठेवा. वेळ निवडताना मुलाच्या झोपेनंतरची, जेवणाच्या गर्दीबाहेरची वेळ घ्या. टेबलावर बसताच मुलासाठीचा पदार्थ सर्वांत आधी आणायला सांगा, आणि मोठ्यांची ताटे येतील तेव्हाच बिलही मागून ठेवा, म्हणजे मूल कंटाळले की त्या क्षणी उठता येईल.