'अधूनमधून'साठी इंग्रजीत कोणता शब्द?

प्रश्न असा आला आहे: सोसायटीच्या तक्रारअर्जात 'नळाला पाणी अधूनमधून येतं' हे इंग्रजीत लिहायचं आहे. कोशात 'ऑकेजनल', 'इंटरमिटंट', 'स्पोरॅडिक', 'पिरिऑडिक' या सगळ्यांपुढे 'अधूनमधून' किंवा त्याच्या जवळपासचा अर्थ दिलेला दिसतो. मग हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

चालत नाहीत. एखादी गोष्ट किती वेळा घडते, एवढंच हे शब्द सांगत नाहीत. दोन वेळांच्या मधली फट कशी आहे, हेही त्यांतून कळतं. ती फट ठरावीक आहे की वेडीवाकडी? चालू असलेलं मध्येच थांबतं, की मुळातच सुटंसुटं घडतं? घडायला काही निमित्त लागतं का? आपण 'अधूनमधून' म्हणतो तेव्हा हे सगळं ऐकणाऱ्याच्या अंदाजावर सोडून देतो. बोलताना ते बरंही असतं, पण अर्जात महागात पडतं.

आधी पाण्याचं बघू. इथे 'इंटरमिटंट' हा शब्द पटकन सुचेल, पण तो टाळा. पाणीपुरवठ्याच्या परिभाषेत 'इंटरमिटंट सप्लाय' म्हणजे चोवीस तास नसलेला, काही तासच सोडला जाणारा पुरवठा. आपल्या बहुतेक शहरांत पाणी असंच येतं. तो शब्द वाचून अभियंत्याला त्यात तक्रार दिसणारच नाही. तुमचं दुखणं वेळेचा भरवसा नसणं हे असेल, तर 'इरेग्युलर' लिहा आणि पुढे कोणत्या दिवशी किती वाजता पाणी आलं, ते द्या.

'इंटरमिटंट'चं मूळ लॅटिन आहे. 'इंटर' म्हणजे मध्ये आणि 'मित्तेरे' म्हणजे सोडणं, पाठवणं. मध्ये सोडून देऊन पुन्हा सुरू होणारं, ते इंटरमिटंट. डॉक्टरांनी या शब्दाला फार नेमकी धार दिली. ताप दिवसात पूर्ण उतरून पुन्हा चढत असेल तर तो 'इंटरमिटंट'. कमीजास्त होत राहिला पण मूळ पातळीवर आलाच नाही, तर तो 'रेमिटंट'. म्हणजे मध्ये पूर्ण थांबा हवाच. हिवतापाच्या एका प्रकारात ताप 48 तासांनी परत येतो, दुसऱ्यात 72 तासांनी. त्यांची जुनी पाश्चात्त्य नावं 'टर्शन' आणि 'क्वार्टन', म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचा, कारण पहिला दिवसही मोजणीत धरायचा. आपल्या आयुर्वेदातही 'तृतीयक' आणि 'चतुर्थक' ज्वर आहेत आणि मोजणीही तीच. हा योग मला फार आवडतो. शिवाय, असा ताप इंटरमिटंटही असतो आणि पिरिऑडिकही. थांबून पुन्हा येतो म्हणून पहिला शब्द, ठरल्या वेळी येतो म्हणून दुसरा.

'स्पोरॅडिक' ग्रीकमधून आला, मूळ अर्थ विखुरलेलं. बी पेरण्याच्या धातूशी त्याचं नातं आहे. 'स्पोर' आणि 'डायस्पोरा' हेही त्याच कुळातले. एजियन समुद्रातल्या विखुरलेल्या बेटांना 'स्पोरॅडीज' म्हणतात. इंग्रजीत हा शब्द आधी रोगांसाठी रुळला. साथ नाही, पण इथे एक रुग्ण, तिथे एक रुग्ण. त्यामुळे 'स्पोरॅडिक'मध्ये काळाबरोबर जागेचाही विस्कळीतपणा येतो, आणि त्यासाठी मराठीत चोख शब्द आहे: तुरळक. हवामान खात्याचा अंदाज आठवा: 'तुरळक ठिकाणी पाऊस'. तिथे मात्र इंग्रजीत 'आयसोलेटेड' असतं आणि त्याला मोजमाप आहे. त्या विभागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस पडेल, असा त्याचा अर्थ. म्हणून 'तुरळक ठिकाणी' आणि 'अधूनमधून सरी' यांत गल्लत करू नये. पहिलं पाऊस कुठे पडेल ते सांगतं, दुसरं केव्हा.

'ऑकेजनल'मध्ये निमित्त दडलेलं आहे. लॅटिन 'कादेरे' म्हणजे पडणं, त्यावरून समोर येऊन पडलेला प्रसंग. 'ऑकेजनल व्हर्स' म्हणजे अधूनमधून केलेली कविता नव्हे, तर राज्याभिषेक, लग्न, मृत्यू अशा प्रसंगी रचलेली. 'ऑकेजनल टेबल' म्हणजे लागेल तेव्हा पुढे ओढायचं छोटं टेबल. आपल्याकडे नित्य आणि नैमित्तिक कर्मांचा भेद जुनाच आहे, आणि सरकारी मराठीत 'कॅज्युअल लीव्ह'ला 'नैमित्तिक रजा' म्हणतात. 'कॅज्युअल'ही त्याच 'कादेरे'पासून आलेला असल्यामुळे हा प्रतिशब्द अगदी मुळाशी जाऊन भिडतो. ज्याने तो घडवला, त्याला दाद द्यायला हवी.

'पिरिऑडिक'चा विरळपणाशी संबंधच नाही. हॅलेचा धूमकेतू साधारण 76 वर्षांनी येतो, 1986 मध्ये येऊन गेला, आता 2061 मध्ये येईल, तरी तो पिरिऑडिकच. नियतकालिकातलं 'नियत' ते हेच. साठच्या दशकातल्या आपल्या लेखकांनी 'अनियतकालिकं' काढली, तेव्हा त्यांनी नेमकं हेच 'नियत' नाकारलं होतं.

'रेअरली' आणि 'सेल्डम' यांचा स्वभाव आणखी वेगळा. व्याकरणात ते नकारासारखे वागतात. 'ही ऑकेजनली कम्स' म्हटलं की शेपूट 'डझन्ट ही?' असं लागतं. 'ही रेअरली कम्स'ला मात्र 'डझ ही?' लागतं. मराठीत हे काम 'च' करतो. 'तो क्वचित येतो' यात येण्याला थोडी जागा आहे, 'क्वचितच येतो' म्हटलं की न येण्यावर बोट पडतं. भाषांतरात हा 'च' गाळू नका.

राहिला 'वन्स इन अ ब्लू मून'. याला हमखास 'कपिलाषष्ठीचा योग' लावतात. बोलण्यातल्या अर्थापुरतं ते ठीक आहे. पण एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणायचं, हा आजचा प्रचलित अर्थ घेतला, तर तो सरासरी अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो. (हा अर्थ 1946 साली एका अमेरिकी खगोल मासिकात जुन्या पंचांगाचा चुकीचा अर्थ लावल्याने पसरला.) कपिलाषष्ठीला भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतिपात असं बरंच काही एकत्र जुळावं लागतं, ती त्याहून कितीतरी दुर्मीळ. ब्लू मूनचा खरा सोयरा आपला अधिक मास. बारा चांद्रमास सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी कमी भरतात. ती तूट साठत गेली की आपल्याकडे तेरावा महिना येतो, तिकडे तेरावी पौर्णिमा. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, आणि त्याच ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा आल्या होत्या.